मला कापलं ते बरं केलं

साहेब, दोष तुमचा होता आणि तुम्ही तो एका बाईच्या पाठीवर लादलात. "हिचं शरीरच या खेळाचं नाही," असं तुम्ही चारचौघांत बोललात. मी तेव्हा तिच्या हातात होतो. मी ऐकलं. तिचं शरीर ठीक होतं. चुकीचा होतो मी, आणि मला एकदा खाली वाकून बघायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत.

मित्रांनो, घाबरू नका. हा राग तुमच्यावर नाही. मी एक जुना पटर आहे. गोल्फ नावाचा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. लांबून मारलेला चेंडू गवताच्या गुळगुळीत हिरवळीवर येऊन थांबला की पुढचं काम माझं. त्याला हळूच ढकलायचं आणि खळग्यात घालायचं. एक चपटं पोलादी डोकं, एक नळी, वर रबराची मूठ, एवढाच माझा संसार.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पोलाद वितळवून साच्यात ओतलं, घासलं, चमकवलं आणि मला पस्तीस इंचांचा करून पेटीत टाकलं. माझ्या आधीचा पस्तीस, माझ्या मागचा पस्तीस. हे माप कुणाचं, असं तिथे कुणी विचारलं नाही. कुठल्या तरी कागदावर एक मधल्या उंचीचा पुरुष होता म्हणे. तो पुरुष मला अजून भेटायचा आहे.

माझे पहिले मालक अनंतराव. नारायण पेठेतले, मोठ्या कंपनीत अधिकारी, उंची सहा फुटांच्या वर. त्यांना मी आखूड पडायचो. ते कमरेतून दुमडून उभे राहायचे आणि चेंडू चुकला की मला म्हणायचे, "काठी आहे का कुबडी!" पुढे त्यांनी दुसरा पटर घेतला आणि मी माळ्यावर गेलो. घर आवरायला काढलं तेव्हा माझ्यासकट सगळी पिशवी त्यांनी बिबवेवाडीजवळच्या एका शाळेला भेट दिली. समारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. फ्लेक्सवर अनंतरावांचं तोंड माझ्या डोक्याच्या वीसपट मोठं होतं. दुसऱ्या दिवशी शिपायानं माझ्या नळीवर पिवळ्या ऑइलपेंटनं नंबर घातला आणि लेझीम, लाकडी डंबेल्स आणि फाटक्या जाळ्यांच्या खोलीत मला उभं करून कुलूप लावलं.

शाळेत भेट म्हणून आलेल्या वस्तूचं असंच होतं. तिला मान मिळतो, काम मिळत नाही.

कुलूप उघडलं ते सोनाली ओव्हाळ यांनी. शाळेच्या खेळाच्या बाई. उंचीनं इतक्या लहान की नववीच्या मुलींच्या रांगेत उभ्या राहिल्या तर नवीन शिक्षकांना ओळखू यायच्या नाहीत. मला उचलून त्यांनी माझ्या तोंडावरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली, आणि त्या संध्याकाळी मला घरी घेऊन गेल्या. त्यांच्या आई शालनताई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, दारातच उभ्या होत्या.

"काय गं, हा दांडका कुठनं आणलास?"

"गोल्फचा आहे, आई."

"बरं. कुत्र्यांना हाकलायला होईल."

पण सोनालीबाईंच्या डोक्यात वेगळंच होतं. शाळेच्या लांब व्हरांड्यात त्यांनी जुनी सतरंजी अंथरली, टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि मुलींना रांगेत उभं केलं. मार्केट यार्डातल्या हमालांच्या मुली, रिक्षावाल्यांच्या मुली, एक पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंची. चेंडू पेल्यात गेला की टण्ण वाजायचं आणि अख्खा व्हरांडा ओरडायचा. त्या आरोळीसाठी मी परदेशातून आलो होतो असं मला वाटायला लागलं.

मग एक आशा दिसली. शहरातल्या एका मैदानानं कबूल केलं की शनिवारी सकाळी या मुलींना खऱ्या हिरवळीवर सरावाला येऊ देऊ. अट एकच. सोबत चाचणी पास झालेला प्रशिक्षक हवा. म्हणजे सोनालीबाईंनी चाचणी द्यायची. त्या पास, तर मुली आत. त्या नापास, तर मुलींना फाटकाबाहेरून जाळीतून बघायचं.

चाचणी घेणार तुम्ही, साहेब. तुमचं नाव मी घेत नाही. तुम्हाला ओळखणारे ओळखतील.

सरावाच्या हिरव्या चटईवर तुम्ही पांढऱ्या रंगानं दोन पावलं रंगवून घेतली होती. तुमच्या स्वतःच्या बुटांचे ठसे. जो येईल त्यानं त्या ठशांवर पाय ठेवायचे, मूठ अगदी वरच्या टोकाला धरायची आणि मारायचं. तुमचे जुने गुरू तसंच शिकवायचे म्हणे, म्हणून तुम्हीही. सोनालीबाई त्या ठशांवर उभ्या राहिल्या तेव्हा माझं वरचं टोक त्यांच्या पोटात रुतलं.

"सर, मला हा लांब पडतो. जरा खाली धरू का?"

"खाली धरायला हा काय झाडू आहे? टोकाला धरा."

"मग पोटाला लागतंय, सर."

"पोट मागे घ्या."

लोक हसले. पोट मागे घ्यायला त्या मागे सरकल्या. मागे सरकल्या म्हणून हात लांब गेले. हात लांब गेले म्हणून माझ्या डोक्याचं पुढचं टोक हवेत उचललं आणि मी टाचेवर उभा राहिलो. पुढचं टोक वर गेलेला पटर चेंडूला सरळ पाठवू शकत नाही, मित्रांनो. त्याचं तोंडच डावीकडे बघत असतं. चेंडू डावीकडे गेला. दुसरा डावीकडे. सगळे डावीकडे. सोनालीबाईंचे कान लाल झाले. तुम्ही म्हणालात, "हात वळतोय." त्यांनी हात आवळले. तरी डावीकडे. मग तुम्ही ते वाक्य बोललात. शरीराचं.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. तीनपैकी आता एकच संधी उरली होती.

त्या संधीसाठी बाई रोज शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सराव करायच्या. माझ्या लांबीला पुरं पडण्यासाठी त्यांनी आपलं अंग असं काही पिळलं की एके सकाळी त्यांना वाकून केरसुणी उचलता येईना. शालनताई म्हणाल्या, "तो दांडका घराबाहेर ठेव, नाहीतर मी ठेवते. हाडं मोडून मिळणारं सर्टिफिकेट आपल्याला नको." आणि बाईंना घेऊन त्या सहकारनगरच्या उतारावरच्या फिजिओथेरपिस्टकडे गेल्या. मीही गेलो. दुखणं कशानं आलं ते दाखवायला लागेल म्हणून.

त्या फिजिओथेरपिस्ट म्हणजे उल्काताई. साठीच्या, पांढरे आखूड केस, आवाज कोरडा. स्वतः गोल्फ खेळायच्या आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत खेळणाऱ्यांच्या काठ्या त्यांच्या मापाला बसवून द्यायच्या. त्यांनी बाईंची पाठ तपासली, मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे कुणाचं?"

"माझं. म्हणजे शाळेचं."

"शाळेचं असेलच. तुमचं तर नक्की नाही. धरून उभ्या राहा बघू."

बाई उभ्या राहिल्या. पाय लांब, पोट मागे, हात ताठ. उल्काताईंनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"हे कुणी शिकवलं?"

"आमच्या साहेबांनी."

"हं. चप्पल घ्यायला गेलात आणि ती तीन नंबरांनी मोठी निघाली, तर दुकानदार तुम्हाला पाय वाढवायला सांगतो का हो?"

शालनताई तोंडाला पदर लावून हसल्या. "हेच मी म्हणतेय घरी, पण आईचं कोण ऐकतं?"

"आईचं कुणीच ऐकत नाही. म्हणून तर आमचा दवाखाना चालतो." असं म्हणून उल्काताईंनी मला काढून घेतलं आणि कोपऱ्यात उभं केलं. "आता काठी नाही. चेंडू नाही. नुसत्या उभ्या राहा. हात सोडा. अहो, सोडा म्हणजे सोडा. राष्ट्रगीत नाही चाललेलं."

मित्रांनो, यानंतर जे झालं ते मी नीट सांगतो, कारण मी कोपऱ्यातून सगळं पाहिलं आणि आजवर असं काही पाहिलं नव्हतं.

सोनालीबाईंनी श्वास सोडला. खांदे खाली आले. मग कोपरं सैल झाली, मनगटं सैल झाली. त्या कमरेतून अगदी थोड्या पुढे झुकल्या आणि त्यांचे दोन्ही हात खांद्यांपासून खाली लोंबकळले, गवंड्याच्या ओळंब्यासारखे. किंचित हलले. थांबले. जिथे थांबले तिथे दोन्ही तळवे आपोआप एकमेकांसमोर आले. कुणी जुळवले नव्हते. तिथेच त्यांची जागा होती, जन्मापासून. इतकी वर्षं मी हातांत राहिलो होतो आणि हात म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

उल्काताईंनी खाली बसून मनगटाच्या रेघेपासून फरशीपर्यंत टेप लावला. मग बाईंच्या नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मध्ये चेंडू धरला आणि सोडून दिला. चेंडू जिथे पडला तिथे खडूनं रेघ मारली. रेघेवर एक छोटा आरसा ठेवला.

"काय दिसतंय?"

"माझेच डोळे."

"रेघेवर आहेत?"

"बरोबर रेघेवर."

"आता चेंडू तिथेच राहणार. तुम्ही काही करायचं नाही. काय करायचं ते हा करेल." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे कुणी असं कधी बघितलं नव्हतं. अनंतरावांनी मला शिव्या दिल्या, शाळेनं नंबर दिला. पण 'हा बदलेल' असं माझ्याबद्दल कुणाला वाटलंच नव्हतं. बदलायचं ते माणसानं, असाच सगळ्यांचा हिशेब. पोटाला रुततोय? पोट मागे घ्या.

"चार इंच जास्त आहे," उल्काताई म्हणाल्या. "कापावा लागेल."

बाईंनी माझ्या नळीवरचा पिवळा नंबर बघितला. मग म्हणाल्या, "भेट आलेली वस्तू आहे, ताई. शाळेच्या नंबरावर आहे. विचारावं लागेल."

त्यांनी तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून उत्तर आलं, "काप गं बाई. मात्र पिवळा नंबर शाबूत ठेव. ऑडिटवाल्यांना काठीशी देणंघेणं नसतं, त्यांना नंबर दिसला की झालं."

"काय थोर माणूस आहे," उल्काताई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, पाठ दुखली तर या."

नंबर खालच्या बाजूला होता. कापायचं होतं वरून. जुनी मूठ ब्लेडनं उभी चिरून सोलली तेव्हा मी उघडा पडलो. कटरचं चाक नळीभोवती फिरलं, घट्ट होत गेलं, पुन्हा फिरलं, आणि माझा चार इंचांचा तुकडा टेबलावर पडून घरंगळला. दुखलं का? पोलादाला जेवढं दुखायचं तेवढं दुखलं. पण त्यापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. तो तुकडा मी इतकी वर्षं 'मी' समजत होतो.

मग माझं डोकं व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळलं आणि एका जाड सळईनं माझी मान किंचित वाकवली. उल्काताई वाकवायच्या, फरशीवर टेकवून बघायच्या, पुन्हा वाकवायच्या. एकदा त्यांनी माझ्याखाली कागद सरकवायचा प्रयत्न केला. टाचेखाली गेला नाही. टोकाखाली गेला नाही. मी पहिल्यांदाच पूर्ण जमिनीवर उभा होतो. कापल्यामुळे डोकं हलकं वाटत होतं, म्हणून तळाला शिशाची पट्टी चिकटवली. शेवटी बाईंचा तळवा उघडायला लावून त्याच्या मापाची बारीक मूठ माझ्यावर चढवली.

"धरा आता. घट्ट नको. चिमणी हातात घेतल्यासारखं."

"चिमणी कुठे राहिलीय ताई पुण्यात?"

"मग कबुतर धरा. ती आहेत भरपूर."

मागच्या खोलीत सरावाची हिरवी पट्टी अंथरलेली होती; तिच्यावर उभ्या राहून बाईंनी हात सोडले, पूर्वीसारखे, आणि ते थांबले तिथे मी होतो. त्यांना माझ्याकडे यावं लागलं नाही. मला त्यांच्याकडे ओढावं लागलं नाही. खांदे हलले, मी मागे गेलो, पुढे आलो. चेंडू माझ्या तोंडाच्या बरोबर मध्यावर लागला.

मित्रांनो, तो आवाज कसा सांगू? आवाज जवळजवळ नव्हताच. आजवर प्रत्येक चेंडू मला कडेला लागायचा आणि माझं अख्खं अंग झिणझिणायचं. मला वाटायचं, पटर असणं म्हणजे झिणझिणणं. या वेळी काही नाही. चेंडू उडाला नाही, घसरला नाही. नुसता लोळत गेला, लोळत गेला, हिरव्या पट्टीवर एक अदृश्य रूळ असावा तसा, आणि टोकाच्या भोकात पडला.

शालनताईंनी पुढे होऊन भोकात वाकून बघितलं, खरंच आहे का ते.

"अगं, गेला की!" त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "तुझंच अंग, सोनू. आणि तू त्याला रोज शिव्या घालत होतीस."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी दुसरा चेंडू ठेवला.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणावर त्यांनी मुलींना एक नवी गोष्ट करायला सांगितली. चेंडू नाही, काठी नाही. नुसतं थोडं पुढे झुका आणि हात सोडा. मुली आधी खिदळल्या. मग एकेक करून शांत झाल्या. मी बाईंच्या काखेतून बघत होतो. सगळे हात खाली लोंबत होते आणि कुठलेच दोन सारखे नव्हते. कुणाचे गुडघ्यापर्यंत, कुणाचे वरच थांबलेले. एकीचं कोपर लहानपणी मोडून वाकडं बसलेलं, तिचे तळवे जरा बाजूला जाऊन भेटले, पण भेटले. एवढ्या तऱ्हा! आणि कारखान्यात आम्ही सगळे पस्तीस! मला माझ्या जातीची लाज वाटली आणि त्या मुलींकडे बघून छाती भरून आली. छाती नसताना.

"बाई, माझं चुकलंय का?" वाकड्या कोपराच्या मुलीनं विचारलं. तिचं नाव कादंबरी.

"हात सोडण्यात काय चुकणार? तुझे तिथे थांबतात. काठी तिथे आणू."

आणि मग चाचणीचा दिवस आला, साहेब. त्या दिवसाबद्दल तुम्ही आता काहीही सांगत असाल, मी होतो तिथे.

सोनालीबाई चटईवर आल्या. ठसे सोडून, जरा पुढे उभ्या राहिल्या.

"पाय ठशांवर," तुम्ही म्हणालात.

"सर, चाचणीत चेंडू खळग्यात घालायचा असं लिहिलंय. पाय कुठे ठेवायचे ते लिहिलेलं नाही."

"बघू या मग," तुम्ही म्हणालात आणि हाताची घडी घातलीत.

बघितलंत ना? पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा कडेला लागून बाहेर आला, खोटं कशाला बोलू. त्यानंतरचे पडत गेले. पुढे पुढे तर चेंडू सुटल्याबरोबर कळायचं. चाचणी द्यायला आलेला सौरभ नावाचा एक उंच मुलगा स्वतःचा सराव सोडून जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, एकदम लाइनवर आहे यार!" पास व्हायला लागतात त्यापेक्षा जास्त चेंडू आत होते. शेवटचा चेंडू खळग्यातून तुम्हीच उचललात.

मग तुम्ही मला हातात घेतलंत. पहिल्यांदाच. तुमच्या बुटाशेजारी टेकवून बघितलंत आणि तुमच्या कपाळावर आठी आली, कारण तुमच्या मापाला मी बसत नव्हतो. बसणार कसा? मी तुमचा नव्हतो.

"हा कापलेला आहे."

"हो, सर. माझ्या मापाला करून घेतला."

"कापलेल्या काठीवर घेतलेली चाचणी धरता येत नाही."

"सर, काठी अठरा इंचांपेक्षा आखूड नसावी, एवढंच नियमात आहे. ही एकतीस आहे. मी वाचून आलेय."

"नियम मला शिकवू नका. कंपनीच्या मापाचा घेऊन या, मग बघू. तोवर निकाल राखून ठेवतो."

आणि तुम्ही चहाला गेलात.

मित्रांनो, आता मी बिबवेवाडीत सोनालीबाईंच्या दारामागे उभा असतो, रोज हातात घेतला जातो, हे माझं भाग्य. तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखं काही पडून असेल. त्याला जपा. पण जपणं म्हणजे पुसून कपाटात ठेवणं नव्हे, आणि आलं तसं आयुष्यभर सोसणंही नव्हे. बाक उंच असेल तर सांगा. कात्री बोटांना रुतत असेल तर सांगा. दप्तराचा पट्टा खांदा कापत असेल तर तो आवळून, सैल करून घ्या. कुणी म्हणालं, तुझा खांदाच वाकडा, तर आधी पट्टा बघा. माझं एवढं ऐका.

आणि साहेब, तुम्ही. बाई तुम्हाला तीनदा भेटायला आल्या. तुम्ही एकदा बैठकीत होता, एकदा गावाला, एकदा 'बघतो' म्हणालात. मी काठी आहे, मला बैठक नाही, गाव नाही. मी थांबू शकतो. पण शनिवारी सकाळी तुमच्या फाटकाबाहेर मुली येऊन उभ्या राहतात. जाळीला बोटं अडकवून आत बघतात आणि रखवालदाराला विचारतात, "काका, आमच्या बाई पास झाल्या का?" तो बिचारा खाली बघतो.

चेंडू तुमच्या डोळ्यांसमोर आत गेले आहेत. तर आता मैदानात नको, केबिनमध्ये नको, त्या फाटकावर या, आणि मुलींच्या तोंडाकडे बघून सांगा : सोनाली ओव्हाळ कोणत्या नियमानं नापास आहेत?